लेनी, आतच बस!

लेनी ग्राबोव्स्की बाथरूममध्ये गेला, त्यानं आतून कडी लावली, आणि त्याच क्षणी बफेलो शहराच्या हेरन्स या बेसबॉल संघाच्या फलंदाजानं चेंडू थेट प्रेक्षकांत भिरकावला. तोवर संघानं मैदानावर नुसत्या माश्या मारल्या होत्या, आणि लेनीनं त्या सगळ्या माश्या डोळ्यांत तेल घालून बघितल्या होत्या.

हेरन्स म्हणजे बगळे. नावाला जागून ते वर्षानुवर्षं एका जागी उभे राहून चेंडू जाताना बघत आले होते. मालक दरवर्षी एखादा बरा खेळाडू विकायचा आणि तिकीट महाग करायचा. लेनी याला 'संघाची पायाभरणी' म्हणायचा आणि पुढच्या मोसमाची तिकिटं घ्यायला सगळ्यांच्या आधी रांगेत उभा राहायचा. त्याच्या वडिलांनीही जन्मभर हेच केलं. मरताना ते लेनीचा हात धरून म्हणाले होते, "आपले जिंकताना मला काही बघायला मिळालं नाही. तू तरी बघ." आणि आज, रविवारच्या दुपारी, हेरन्स पहिल्यांदाच अजिंक्यपदाच्या शेवटच्या सामन्यात उतरले होते.

आरोळी ऐकून लेनी पट्टा बांधत बाहेर धावला. "काय झालं? काय झालं?"

तो टीव्हीसमोर पोचतो न पोचतो तोच पुढचा फलंदाज बाद झाला. सोफ्यावरून मेहुणा स्टॅश सावकाश उठला. त्यानं मोजे उलटे घातले होते आणि टोपीही आतली बाजू बाहेर काढून चढवली होती. हरत असताना तशी टोपी घातली की संघाचं नशीब पालटतं, हे तिथं शेंबड्या पोरालाही माहीत असतं.

"लेनी," स्टॅश म्हणाला, "आत जा."

"आत्ताच तर जाऊन आलो!"

"परत जा. तू आत होतास म्हणून तो फटका बसला."

"येडा झालास का? बापाला शब्द दिलाय मी. मला बघायचंय!"

"तुला बघायचंय की त्यांना जिंकवायचंय?"

लेनी पाय ओढत आत गेला. कडी लागली आणि हेरन्सची आणखी एक धाव निघाली. स्टॅशनं दारापाशी खुर्ची ओढली आणि वर स्वतः बसला.

नियम सरळ होता. धाव निघाली तेव्हा जो जे करत होता, त्यानं तेच करत राहायचं. लेनीची बायको डोलोरेस तेव्हा पिएरोगीवर, म्हणजे उकडलेल्या पोलिश करंज्यांवर, घालायला कांदा परतत होती. कांदा छान लाल झाला तशी तिनं गॅस बंद करायला हात पुढे केला.

"डोलोरेस! हात लावू नकोस!"

"अरे, करपेल ना!"

"करपू दे! तू परतत राहा!"

"तुम्ही दोघं म्हणजे ना, एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं," ती म्हणाली. "उलटे मोजे घालून चेंडू लागतो होय? मेंदूही उलटा घातलाय का?" पण कालथा थांबला नाही. लेनीच्या वडिलांची ती लाडकी सून होती.

आठव्या डावात हेरन्सनी बरोबरी केली तेव्हा कांदा काळा पडला होता. नवव्या, म्हणजे शेवटच्या डावात एका धावेची आघाडी मिळाली तेव्हा कढईत कांदा असा उरलाच नव्हता, नुसता धूर होता. छतावरची धुराची घंटा किंचाळू लागली. शेजारणीनं अग्निशमन दलाला फोन केला आणि बंब दारात येऊन उभा राहिला.

कॅप्टन मर्फी कुऱ्हाड घेऊन आत घुसला. "आग कुठंय?"

"आग नाही, कांदा आहे," डोलोरेस परतत परतत म्हणाली.

"मग गॅस बंद करा की!"

"माझ्या भावाला विचारा."

मर्फीनं स्वतःच गॅस बंद केला. मग त्याची नजर खुर्चीकडे गेली. "आत कोण आहे?"

"माझा मेहुणा," स्टॅश म्हणाला. "साहेब, त्याला बाहेर काढू नका. आपण एका धावेनं पुढे आहोत."

मर्फीनं टीव्हीकडे पाहिलं. मग दाराकडे. त्याचा चेहरा कसनुसा झाला. "मीही जन्मापासून हेरन्सचाच, बाबा. पण धूर झाला की घर रिकामं करायचं, असा नियम आहे." त्यानं खुर्ची बाजूला सारली आणि दार ठोठावलं. "कडी काढा!"

लेनीनं दार उघडलं. समोर टीव्ही सरळ दिसत होता. शेवटचा डाव, समोरच्यांचे दोन बाद, एकच गडी बाकी. लेनीचे डोळे लकाकले. तेवढ्यात समोरच्यांच्या फलंदाजानं फटका मारला आणि तो धावत तिसऱ्या तळावर जाऊन पोचला; आता आणखी एक तळ गाठला की बरोबरी.

मर्फीनं मान खाली घातली. शेवटी स्टॅशच म्हणाला, "ये लेनी. बाहेर ये. तुझा हक्क आहे."

"ये रे," डोलोरेस म्हणाली. "एकच गडी तर राहिलाय."

लेनीनं टीव्हीकडे एकदा डोळे भरून पाहिलं. मग त्यानं स्वतःच दार ओढून घेतलं आणि कडी लावली. मर्फीनं हेल्मेट काढून उलटं धरलं. त्याला घर रिकामं करण्याची आठवण राहिली नाही.

पुढच्याच चेंडूवर सगळी गल्ली ओरडली. स्टॅश, मर्फी आणि बंबावरचे सगळे रस्त्यावर नाचायला धावले. लेनी टबाच्या काठावर बसून टॉवेलमध्ये तोंड खुपसून रडला. त्याला बाहेर बोलवायचं कुणालाच सुचलं नाही. डोलोरेसला सुचलं, तेही बऱ्याच वेळानं.

दुसऱ्या दिवशी सकाळी टीव्हीवर तोच सामना पुन्हा लागला. डोलोरेसनं लेनीला आरामखुर्चीत बसवलं, हातात कॉफी दिली. "आता निवांत बघ. बाबांसाठी."

लेनीनं सगळं मन लावून बघितलं. शेवटचा चेंडू आला तेव्हा मात्र आरामखुर्ची रिकामी होती.

"लेनी!"

"संपलं की हाक मार!" बाथरूममधून आवाज आला.

"अरे खुळ्या, काल जिंकलेत ते! पेपरात फोटो आलाय!"

"माहितीय गं. पण उगाच कशाला?"

डोलोरेसनं कपाळावर हात मारला. मग तिनं दाराकडे पाहिलं, टीव्हीकडे पाहिलं, आणि स्वयंपाकघरात जाऊन रिकाम्या, थंड कढईत गुपचूप कालथा फिरवायला लागली.