तीन तक्रारी शिल्लक

"दोन आठवड्यांचाच तर प्रश्न आहे, मी बघतो," असं मी म्हणालो. हे वाक्य मी आयुष्यात याआधी तीनदा उच्चारलंय आणि तिन्ही वेळा शेवटी प्लंबर बोलवावा लागला. या खेपेला प्लंबरचाही उपयोग नव्हता.

त्याचं असं झालं. आमची ही, म्हणजे रुचिता, वजनं उचलते. (मी रेल्वेत क्लार्क. मी फायली उचलायचो. त्याही आता कॉम्प्युटरवर गेल्या.) बदली होऊन आम्ही साताऱ्याहून जयपूरला आलो, गुडघे दुखतात म्हणून ही राजा पार्कातल्या जिममध्ये गेली आणि चाळिशी उलटल्यावर तिला शोध लागला की आपल्याला डेडलिफ्ट जमते. डेडलिफ्ट म्हणजे जमिनीवरचा वजनं लावलेला बार धरून सरळ उभं राहायचं, बस. मीही एकदा करून पाहिलं. बार जागेवर राहिला, मीच त्याच्यावर वाकलेला राहिलो. सरळ व्हायला दोन माणसं लागली.

राज्य स्पर्धा दोन आठवड्यांवर आली आणि तिचे कोच रणजीतसिंग दिवाळीसाठी बिकानेरला निघाले. जाताना मला म्हणाले, "सरजी, भाभीजी का वजन अब आप तय करना. या तो चार्ट से चलो, या हर सेट के बाद पूछो, दस में से कितना भारी लगा."

मी रेल्वेचा माणूस. छापील तक्ता दिसला की मला हात जोडावेसे वाटतात. मी चार्ट निवडला. तिचं आजवरचं सर्वात जास्त वजन एकशेवीस किलो, चार्ट म्हणाला आज त्याचे पंच्याऐंशी टक्के, म्हणजे एकशे दोन. लावले. बार तसूभर हलला नाही.

"अगं, चार्टप्रमाणे हे उचललं जायला हवं!"

"चार्टनं सकाळपासून चार किलोच्या चकल्या पाडल्यात का?" ती म्हणाली.

मुद्दा बिनतोड होता. दुसऱ्या दिवशी मी विचारायची पद्धत धरली. शंभर किलो उचलून झाल्यावर हिचा चेहरा टोमॅटोसारखा. "दहापैकी किती जड?"

"काही नाही. पाच."

एकशे दहा लावले. डोळे पांढरे व्हायची वेळ. "किती?"

"काही नाही हो. पाच."

आता हे मला आधीच कळायला हवं होतं. आमच्या प्रणालीच्या वेळी हिनं रिक्षात बसताना "काही नाही, जरा कंबर दुखतेय" म्हटलं होतं आणि मी चपला काढून दवाखान्यात शिरेपर्यंत मुलगी झाली होती. या बाईचं पाच म्हणजे दहासुद्धा असू शकतं. (माझं उलट आहे. मला नखं कापतानाही आठ वाटतं.)

पण देवानं क्लार्कला निरीक्षण दिलंय. दोनच दिवसांत माझ्या लक्षात आलं की खरा आकडा हिच्या उत्तरात नाही, उत्तरानंतर आहे. वजन हलकं असलं की बार ठेवता ठेवता ती मला बोलायला लागते. वजन वाढेल तसं बोलणं कमी होतं. मी जिमच्या कोपऱ्यात बसून डायरीत नोंदी केल्या:

"१००: ओला टॉवेल, गॅसचं बुकिंग, माझ्या काकांचं वागणं. तीन तक्रारी. म्हणजे अजून तीनदा उचलेल."

"११०: ओला टॉवेल. एक शिल्लक."

"११५: शांतता. बास."

काय सांगू, पद्धत अशी चालली म्हणता! तक्रारी दोन राहिल्या की मी वजन कायम ठेवायचो, तीन झाल्या की वाढवायचो. रुचिता खूश, मी तर हवेतच. लग्नाला अठरा वर्षं झाली. बायकोची कटकट ऐकून आनंदानं टाळी वाजवणारा नवरा त्या जिमनं पहिल्यांदाच पाहिला असेल.

स्पर्धेच्या चार दिवस आधी ती डायरी प्रणालीच्या हाती लागली. ती पहिलीपासून जयपूरच्या शाळेत, त्यामुळे तिचं मराठी हिंदीच्या आधारानं चालतं. तिनं एकेक अक्षर लावत मोठ्यानं वाचलं आणि ओरडली, "मम्मी! मतलब, पप्पा तुझ्या कंप्लेंट्स काउंट करतायत! डेटवाइज!"

मी शास्त्र समजावू लागलो. रुचितानं डायरी शांतपणे पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली आणि बोलणं बंद केलं. पार बंद. साठ किलोला शांतता, शंभरला शांतता, भाजीत मीठ नसलं तरी शांतता. माझं मोजमापच बुडालं.

स्पर्धेचा दिवस उजाडला. गटातल्या बाकी दोघी सकाळच्या तुकडीतच उचलून मोकळ्या झाल्या होत्या: जोधपूरच्या बाई एकशेवीस, कोट्याच्या एकशेपंधरा. पहिल्या दोघी राष्ट्रीय स्पर्धेला जाणार. रुचितानं दुसऱ्या प्रयत्नात एकशे साडेबारा उचलले. आता शेवटचा प्रयत्न, आणि वजनाची चिठ्ठी एका मिनिटात द्यायची. एकशे साडेसतरा लिहिले तर दुसरा नंबर जवळपास नक्की. एकशे साडेबावीस लिहिले तर सोनं. पण ते तिनं जन्मात उचललेले नव्हते, आणि नाही उचलले तर हात हलवत घरी.

वर्षभर पहाटे उठून ती यासाठी घाम गाळत होती. "किती लिहू गं?" शांतता. हात आपोआप साडेसतराकडे वळला.

तेवढ्यात ती म्हणाली, "शर्टाची बटणं एक घर सोडून लावलीत. पाण्याची बाटली रिक्षात विसरलात. आणि मागचं दार उघडं टाकून आलात, माकडं घुसली असतील."

तीन! मला रडूच यायचं बाकी होतं. साडेसतरावर काट मारून मी एकशे साडेबावीस लिहिले आणि टेबलाकडे धावलो.

तिनं उचलले. बार गुडघ्यांपाशी क्षणभर अडला, माझाही श्वास तिथेच अडला, आणि मग ती सरळ ताठ उभी राहिली. तिन्ही पंचांचे पांढरे दिवे लागले, म्हणजे प्रयत्न मान्य. प्रणाली नाचली, मी नाचलो, जोधपूरच्या बाईंनीही टाळ्या वाजवल्या.

परतताना ई-रिक्षात मी ऐटीत म्हणालो, "बघितलंस? माझी पद्धत! तीन तक्रारी म्हणजे ताकद शिल्लक."

"शिल्लक कुठली? हात गळून गेले होते माझे. पण मला सोनं हवं होतं. डायरी वाचली होती ना, म्हणून मोजून तीन केल्या."

"अगं, मग सरळ साडेबावीस लिहा म्हणायचं!"

"तुमच्याशी बोलत नव्हते ना मी."

"म्हणजे तीन तक्रारी तू खोट्या रचल्यास?"

"खोट्या? खाली बघा."

मी खाली पाहिलं. बटणं खरंच एक घर सोडून होती, आणि पदक घेतानाच्या सगळ्या फोटोंत मी तिच्या शेजारी तसाच उभा होतो. बाटलीही नव्हतीच. मागच्या दाराबद्दल मी विचारच करायचा नाही असं ठरवलं.

"मग इतक्या खऱ्या होत्या, तर तीनच का केल्यास?"

पदक पदरानं पुसत रुचिता म्हणाली, "त्यांनी एकच मिनिट दिलं होतं हो."