पिस्तारंगी घोडी आणि न मिटणारा डोळा

श्रीगजाननास आणि चौकातल्या मारुतीस हात जोडोन, जे जैसे घडले ते तैसे लिहिले आहे. वाचणाऱ्यांनी सावकाश वाचावे. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सर, कार्तिक मास. ते समयी एका राज्यात, ज्याचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही, वाहतूक-अमात्यांचे मनात आले की रयत तांबडा दिवा मानीत नाही, सबब चौकात शिपाई उभा करण्यापेक्षा खांबावर डोळा बसवावा. मग कारागीर आले आणि कासार आळीच्या तोंडाशी, मारुतीच्या पाराजवळ, उंच खांबावर डोळा बसविते जाहले. तो डोळा मिटत नसे, चहास जात नसे आणि ओळखीस ओळख देत नसे. तांबड्या दिव्यात चाक पांढऱ्या रेघेपुढे गेले की तो गाडीची पाटी टिपून घेई, आणि पाटी ज्याचे नावे त्याचे नावे गुन्हा लागे. स्वार कोण, हे तो पाहत नसे. तितके त्यास शिकविलेच नव्हते.

त्या आळीत वेणूबाई रणपिसे राहत होत्या. यजमान निवर्तले आणि मागे पिस्ता रंगाची जुनी स्कूटर राहिली, तीस अवघी आळी घोडी म्हणे. वेणूबाईंस ती हाकता येत नसे. संसारभर त्या मागेच बसल्या होत्या. मग त्यांनी किल्ली दाराबाहेर खिळ्यावर लावली आणि आळीस सांगितले, "लागेल त्याने न्यावी. मात्र नेताना हाक मारून जावे." तेव्हापासोन हणमंता पैलवान तालमीस जाताना हाक मारी, आणि सुलभा नर्स दवाखान्यास जाताना हाक मारी, आणि कोणी कोथिंबीर आणून देई, कोणी घटकाभर उंबऱ्यावर टेकून सासूचे गाऱ्हाणे सांगे. घरात दुसरे माणूस नव्हते, परंतु किल्लीपायी दार दिवसभर उघडे असे. वेणूबाईंची दौलत ती इतकीच.

आता आळीचा रिवाज ऐसा की तांबडा दिवा हा हुकूम नव्हे, सल्ला आहे. त्यामुळे पैलवान चुकले, नर्सबाई चुकल्या, ज्याने ज्याने किल्ली नेली तो तो चुकला, आणि प्रत्येक गुन्हा वेणूबाईंचे मोबाइलवर येऊन टुणकन वाजू लागला. मग दरबारातून बोलावणे आले की अवघ्या राज्यात नियम मोडण्यात आपण अग्रगण्य आहा, तरी जातीने हजर व्हावे, गाडी जप्त होईल. ते वाचोन वेणूबाईंनी प्रथम खिळ्याकडे पाहिले.

मग पारावर आळी जमली. हणमंता म्हणाला, "मावशी, तुम्ही नुसतं हो म्हणा, खांब मुळासकट उपटतो."

"उपटशील रे. मग नवा खांब माझ्या दारात रोवतील. तेवढंच राहिलंय."

सुलभा म्हणाली, "मावशी, डोळा मिटत नाही म्हणजे दृष्ट लागणारच. दृष्ट काढू या." हे आळीस पटले. मग बायकांनी मीठ-मोहऱ्या आणिल्या, हँडलास लिंबू-मिरच्या बांधिल्या, घोडी खांबाखाली नेऊन उभी केली आणि यथासांग तीनदा ओवाळिली. ओवाळण्याचे भरात पुढील चाक रेघेपलीकडे गेले, दिवा तांबडा होता, आणि वेणूबाईंचा मोबाइल पदराखाली टुणकन वाजला.

नेमिल्या दिवशी वेणूबाई दरबारी गेल्या. अमात्य उच्चासनी विराजमान होते. चोपदाराने भिंतीवर चित्रे दाखविली आणि पुकारा केला, "वेणूबाई रणपिसे." चित्रात भरघोस मिशांचा हणमंता होता. दरबारात खसखस पिकली. अमात्य हसले नाहीत. म्हणाले, "बाई, या मिशा आपल्या नव्हेत हे आम्हांस दिसते. स्वारांची नावे सांगा, गुन्हे त्यांचे माथी जातील आणि गाडी सुटेल." वेणूबाईंनी पाहिले की पुढील चित्रात सुलभा आहे, डबा हँडलास अडकविलेला, घाईत. नाव घेतले तर गाडी राहील, पण उद्या खिळ्यास हात लावण्याची छाती कोणाची होईल? त्या म्हणाल्या, "घोडी माझी, किल्ली मी टांगली. गुन्हे माझेच मांडा."

अमात्य विचारात पडले. मग म्हणाले, "कबुली देणारे माणूस या दरबारी प्रथमच आले. सबब जप्ती तूर्त तहकूब. मात्र आपण हयात असेतो हँडल धरू नये, आणि या गाडीकडून आणिक एक जरी गुन्हा जाहला तर ती भंगारात जाईल. शिक्षा कठोर आहे. सोसेल का?" वेणूबाईंनी मान खाली घातली, लांब श्वास सोडिला आणि म्हणाल्या, "सोसेन." मागे आळीकरांच्या गर्दीत उभ्या हणमंतास एकाएकी खोकला आला.

दुसरे दिवशी हणमंता किल्लीस आला तो वेणूबाई डोईस यजमानांचे हेल्मेट आणि हाती छत्री घेऊन उभ्या. "किल्ली ने. मागे मी बसते."

"तालमीत, मावशी?"

"दारापर्यंत. तू परत आलास की सुलभाच्या मागे बसेन म्हणते."

चौकात दिवा तांबडा जाहला आणि छत्रीचे टोक पैलवानाचे बरगडीत बसले. "मावशी, रस्ता मोकळा आहे."

"असू दे. थांब."

आळीचे तोंड अरुंद, घोडी थांबली म्हणजे मागील अवघी फौज थांबे. प्रथम भोंगे वाजले, मग शिव्या जाहल्या, मग सवय जाहली. पुढे डोळ्यास टिपावयास काही मिळेना. अमात्यांस वाटले डोळा बिघडला. कारागीर चढले, काच पुसली, तारा तपासल्या, दोष सापडेना. शेवटी फाल्गुनात डोळा उतरवोन दुसऱ्या चौकात नेला. आळीने ताशे वाजविले आणि हणमंता ज्यास त्यास सांगू लागला की आम्ही डोळा पिटाळिला. मग तो वेणूबाईंस म्हणाला, "आता डोळा गेला, मावशी. तुम्ही घरी बसा निवांत."

वेणूबाईंनी हेल्मेटाचा पट्टा हनुवटीखाली आवळिला. "कशाला? बस पुढे. वाटेत कोथिंबीर घ्यायची आहे."

येणेप्रमाणे राज्याचा डोळा गेला, आळीची घोडी राहिली, दिवा मानण्याची खोड मात्र सुटली नाही. वेणूबाईंचे दार हल्ली दिवसभर बंद असते. त्या घरी सापडत नाहीत. लेखनसीमा.