स्वावलंबन स्पर्धेतली पहिल्या नंबरची पुरणपोळी

मुलांना स्वावलंबी करणं हे आईवडिलांचं आद्य कर्तव्य आहे. आणि आपलं कर्तव्य कधी दुसऱ्यावर ढकलू नये, मुलांवर तर नाहीच.

याच उदात्त हेतूने शारजातल्या मराठी मंडळींनी २००१च्या हिवाळ्यात मुलांसाठी पाककृती स्पर्धा ठेवली. नियम एकच: पदार्थ मुलाने एकट्याने करायचा, पालकांनी दोरीपलीकडे बसायचं.

अजमानचे गुणवंत राजवाडे हमरिया फ्री झोनमधल्या एका कंपनीत क्वालिटी मॅनेजर. त्यांनी बारा वर्षांच्या इराचं नाव तिला न विचारताच दिलं (निर्णय घ्यायला पुढच्या वर्षी शिकवणार होते). इराला ऑम्लेट उत्तम यायचं.

"ऑम्लेट काय, कुणीही करतं," तिची आई विभावरी म्हणाली. पुरणपोळी ठरली. पुरण आईने घरीच करून दिलं. इराने डबा स्वतः नेला (जड होता, म्हणून गुणवंतांनी धरला).

शिट्टी वाजली. इराने कणकेत पाणी ओतलं.

"अगं, बेताने," दोरीमागून विभावरी.

"आय नो, मम्मी."

पाणी जास्त झालं. विभावरी दोरीखालून आत आली, केवळ मार्गदर्शनासाठी. मग बाकीच्या आयाही आल्या. गुणवंतांनी दोरी घट्ट धरली होती. वर उचलून, बायकांना वाकायला त्रास नको म्हणून.

"सरक जरा, चटका बसेल."

इरा सरकली. सरकत सरकत हॉलच्या स्वयंपाकघरात पोचली. तिथे बाकीची सरकलेली मुलं होतीच. थोड्या वेळाने आतून कांद्याचा वास आला. परीक्षक साधनाताई धावल्या, तर इरा तव्यापाशी आणि एक मुलगा भांडी घासतोय. इराने त्यांना बशी दिली. त्यांनी ऑम्लेट चवीने संपवलं आणि पदार्थ स्पर्धेबाहेरचा असल्याने गुण दिले नाहीत.

"गॅस कुणी पेटवला?" विभावरीने दारातून विचारलं.

"आय डिड. टेस्ट इट, मम्मी." इराने दुसरी बशी पुढे केली.

"नंतर. निकाल लागतोय."

पहिली इरा राजवाडे. इरा जागची हलली नाही.

"यू गो. यू मेड इट."

पाहुणे खोळंबू नयेत म्हणून विभावरी स्टेजवर गेली. "सगळं तिने एकटीने केलं," तिने माइकवर सांगितलं. टाळ्या झाल्या. आत इराने आईसाठी ठेवलेलं गार ऑम्लेट खाल्लं आणि बशी धुऊन ठेवली.

असला प्रकार आपल्या घरी होत नाही, याची वाचकांना खात्री असेलच. नसेल तर आपल्या मुलाला हाक मारून विचारा. फक्त, उत्तर त्याचं त्याला देऊ द्या.