मगदूम काकांची काच

सदाशिव मगदूम कुणाच्याही घरी गेले की उंबऱ्याबाहेर चप्पल काढतात, खिशातून काचेची एक गोटी काढतात आणि ती अलगद जमिनीवर सोडतात. गोटी जिकडे जाईल तिकडे बघत राहतात. ती थांबली की उचलून खिशात टाकतात आणि विचारतात, "काय, बरं हाय न्हवं?" हा प्रश्न घरातल्या माणसांना असतो असा लहानपणी माझा बराच काळ समज होता. आई उत्तरही द्यायची, "बरं आहे, बसा." तोवर काका भिंतीला कान लावून उभे असायचे.

एकदा पुतण्यासाठी मुलगी बघायला गेले होते. गोटी सोडली, ती अख्खा सोपा, म्हणजे पुढची ओसरी, ओलांडून थेट मुलीच्या पायाशी जाऊन थांबली. दोन्हीकडची मंडळी शकुन झाला म्हणून हसायला लागली. काका म्हणाले, "पोरगी चांगली हाय, पन जोतं खचालंय. आधी जोतं बघा, मग तारीख धरा." लग्न झालं, जोतंही दुरुस्त झालं. मानपानात मात्र सगळ्यांना टॉवेल-टोपी मिळाली आणि काकांना नुसता टॉवेल. हे ते अजून सांगतात.

काका सरकारी बांधकाम खात्यातले निवृत्त इंजिनियर. मूळचे नेसरीकडचे. घरात मराठी आणि कानडी दोन्ही. रागावले की मराठीत, लाडात आले की कानडीत. आणि त्यांचा सगळा लाड घरांसाठी. जुन्या घरात शिरले की भिंतीवर तळवा ठेवून म्हणणार, "काय गं अव्वा, कुठं दुखतंय?" अव्वा म्हणजे आई. नव्या बंगल्यांना ते अव्वा म्हणत नाहीत. त्यांना 'पावणं' म्हणतात.

ते माझ्या वडिलांचे मित्र. वडील पत्रकं लिहायचे, स्वतः छापून आणायचे आणि कोल्हापूरच्या बिंदू चौकात उभं राहून वाटायचे. मी अक्षरं शिकले ती 'जाहीर निषेध' या दोन शब्दांवरून. वडील गेले आणि तो वसा माझ्याकडे आला. त्यामुळे घरखरेदीवरही माझं एक जाहीर मत आहे, ते इथे देते.

आपल्याकडे म्हैस घ्यायची असेल तर माणूस तिचे दात बघतो, कास बघतो, तिला चालवून बघतो, मालकाच्या गोठ्यात बसून स्वतःच्या हातानं धार काढून बघतो. कलिंगड घेतानासुद्धा टिचकी मारतो. आणि जन्माची पुंजी घालून जुनं घर घेताना काय बघतो? रंग बघतो. दाराचं तोंड कुठल्या दिशेला आहे ते बघतो. तुळई आतून पोकळ आहे का, पाया ओल धरतोय का, हे विचारणं म्हणजे विकणाऱ्याचा अपमान. हा अपमान प्रत्येकानं केला पाहिजे. न केल्यास भिंत आपला करते.

हे मत मुळात काकांचं आहे. मी फक्त त्याचा आवाज चढवला.

आई एका शाळेत शिपाई होती. निवृत्त झाली आणि तिनं गडमुडशिंगीच्या गावठाणातलं एक जुनं कौलारू घर बघितलं. दगडी जोतं, पुढे सोपा, मध्ये माजघर, मागे परड्यात शेवगा. आईनं शेवग्याला हात लावला आणि मनातल्या मनात राहायलाही गेली. सगळा जन्म तिनं भाड्याच्या खोल्यांत काढला होता. प्रत्येक घरमालकानं तिला पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगितली होती: भिंतीत खिळा मारायचा नाही. वडिलांचा फोटो कायम ट्रंकेवर टेकवून ठेवलेला. तिला स्वतःच्या भिंतीत खिळा मारायचा होता, एवढीच मागणी. पण तिच्याजवळ होतं ते सगळं या एका घरात जाणार होतं. ते घर चुकलं असतं, तर दुसरं होणार नव्हतं.

घराचा मालक पुण्याला. व्यवहार बबलू नावाच्या एजंटाकडे. "मॅडम, दगडी काम हाय. भूकंप आला तर माणसं ह्या घरात पळून येतील," तो म्हणाला. शिवाय इचलकरंजीची एक पार्टी इसार घेऊन तयार होती. ही पार्टी प्रत्येक घराला असते.

मी काकांना सांगितलं. ते म्हणाले, "येत्या अमावाश्येला बघू."

बबलू हादरला. "अमावाश्येला? त्या दिवशी आम्ही कुलूपबी उघडत न्हाय."

"म्हणूनच," काका म्हणाले. "त्या दिवशी कोण इसार मागत न्हाय, कोण नारळ घेऊन घाई करत न्हाय. घर निवांत असतंय. आपण बी निवांत."

मी अंधश्रद्धेविरुद्ध पत्रकं काढलेली मुलगी. अमावास्येचा इतका विवेकी उपयोग मला कधी सुचला नव्हता.

पावसाळा तोंडावर होता. त्या दिवशी काका आले आणि घरात शिरलेच नाहीत. समोरच्या कट्ट्यावर बसले आणि घराकडे बघत राहिले. बबलू कंटाळला. "काका, आत या की. बाहेरनं काय बघालाय?"

"गप. ती बसल्या कशी ते बघालोय. माणूस कसा बसतोय त्यावरनं त्याची कंबर कळत्या."

मग आत गेले. गोटी सोडली. ती थोडी मागच्या दाराकडे सरकली आणि थांबली. काका 'हं' म्हणाले. शिडी लावून वर गेले, प्रत्येक तुळई आणि वासा स्क्रू-ड्रायव्हरनं ठोकला. एक वासा बद्द वाजला. "ह्यो आतनं पोखरलाय, बदला. बाकीचं खानदान ठणठणीत हाय." दारातून ओळंबा सोडला, तो हलायचा थांबेपर्यंत आम्हाला बोलू दिलं नाही.

माजघराच्या भिंतीवर देवीचं भलंमोठं कॅलेंडर होतं. काकांनी त्याला हात जोडले. बबलूला बरं वाटलं. मग काकांनी ते खिळ्यावरून काढून त्याच्याच हातात दिलं.

मागे तडा होता. दाराच्या चौकटीवरून निघून तिरका आढ्याकडे गेलेला, करंगळी जाईल एवढा. आईनं पुढे होऊन त्यात खरंच करंगळी घालून बघितली.

"ते काय न्हवं," बबलू म्हणाला, "ते नुसतं गिलाव्याचं हाय."

"मग देवीला कशाला राखणीला बसवलंस?" मी विचारलं. पत्रकातली पुढची चार वाक्यंही मला सुचली होती, पण काकांनी हात वर केला. तड्यात टॉर्च मारला, बारीक तार घातली, डोळा लावला. "काय गं अव्वा," असं काहीतरी पुटपुटले. मग मला बोलावलं. "बघ आत. चुन्याचं पापुद्रं. त्याच्यावर कोळ्याचं जाळं. जाळ्यावर पुन्हा चुना. तडा लई जुना हाय."

"म्हणजे भीती नाही?" आईनं विचारलं.

"जुना हाय म्हंजे मेलाय, असं न्हाय अक्का. झोपला बी असंल."

मग त्यांनी पिशवीतून काचेची पातळ पट्टी काढली आणि तड्यावर आडवी ठेवून दोन्ही टोकांना चिकटवली. भिंत केसभर जरी हलली तर काच फुटणार. काकांची ही काच कोल्हापुरात पुष्कळ ठिकाणी आहे. तालमीत आहे, दोन देवळांत आहे, एका मंगल कार्यालयात नवरदेवाच्या खोलीत आहे. ते अधूनमधून जाऊन सगळ्यांची खबर घेतात.

बबलूनं घाईघाईनं मागची नवी न्हाणी दाखवायला नेलं. चकचकीत फरशी, नवे नळ. त्याचा तो हुकमी पत्ता. काकांनी शेजारच्या घरातून नीळ मागून आणली, बादल्यांत कालवली आणि सगळं पाणी न्हाणीच्या मोरीत ओतलं. बाहेर गटारीपाशी मला उभं केलं. निळं पाणी काही आलं नाही. आम्ही शेवग्याखाली बसून भाकरी खाल्ली. काकांनी आईचं खर्ड्याबद्दल कौतुक केलं, बबलूला जबरदस्तीनं दोन घास घातले, आणि हात धुऊन आत गेलो तर माजघराच्या जोत्याचे दगड निळे झालेले.

"आता समजलं," काका म्हणाले. "पाणी गटारीला न जाता म्हातारीच्या पायाखाली मुरालंय. नवीन न्हाणी जुन्या घराला बुडवत्या." त्यांनी निकाल दिला. मोरीचं पाणी नीट बाहेर काढायचं, वासा बदलायचा, आणि पाऊस संपेपर्यंत काच राहू द्यायची. "फुटली न्हाय तर डोळं झाकून घ्या."

"तवर घर ऱ्हातंय व्हय? इचलकरंजीची पार्टी उद्या येणार," बबलू म्हणाला.

मी आईकडे बघितलं. ती शेवग्याकडे बघत होती. "जाऊ दे गेलं तर," ती म्हणाली. "एवढी वर्षं काढली. अजून एक पावसाळा."

ती हे म्हणाली खरं, पण बस गाव सोडेपर्यंत खिडकीतून मागे वळून बघत होती.

यानंतर जे झालं ते आमच्या जिल्ह्यातच होऊ शकतं. इचलकरंजीची पार्टी खरोखरच होती, आणि ती आली. घर आवडलं. माजघरात गेली, काच बघितली, विचारलं. बबलूला खोटं सुचेपर्यंत शेजारीण बोलून गेली, "इंजिनियरनं लावल्या." पार्टी तिथूनच परत. इंजिनियरनं काच लावली म्हणजे भिंत कधीही खाली येणार, असा गावभर बोभाटा झाला. दुसरी पार्टी आली, तीही गेली. तिसरीनं तर सोप्यातूनच आत वाकून बघितलं. ज्या काचेमुळे घर हातचं जाणार म्हणून मी घाबरले होते, तीच राखणदारासारखी आमच्यासाठी घर धरून बसली.

बबलू काकांकडे रडत गेला. "काका, तेवढी काच काढा की. धंदा बसला."

"काढली तर कळणार कसं?"

"कळायचंच न्हाय आमाला."

शेवटी मालकानंच पुण्याहून येऊन मोरी नीट करून दिली, वासा बदलून दिला. आमच्याशिवाय गिऱ्हाईक उरलंच नव्हतं.

पावसाळाभर दर अमावास्येला काका, आई आणि मी जाऊन काच बघत होतो. पंचगंगेला पूर आला, रस्ते बंद झाले, ते उघडल्यावर पहिल्या बसनं गेलो. आईनं डोळे मिटून घेतले होते. काच साबूत. दसरा आला. काकांनी टॉर्च मारला, चष्मा पुसला, पुन्हा टॉर्च मारला आणि म्हणाले, "मेलाय."

कुणी मेल्याचा इतका आनंद मी आईच्या तोंडावर पाहिला नव्हता. ती हसत हसत रडली. खरेदी झाली त्या दिवशी तिनं सोप्याच्या भिंतीत खिळा मारला. काकांनी जागा दाखवली, हातोडी मात्र तिच्याच हातात. खिळा वाकडा गेला. तिनं तो तसाच ठेवला आणि वडिलांचा फोटो लावला. फोटो किंचित तिरका आहे. वडील असते तर त्यांनीही तशीच मान तिरकी करून वाद घातला असता.

खरं तर काकांचं काम संपलं होतं. पण पुढच्या अमावास्येला स्कूटर दारात. "एक उन्हाळा बघाय पाहिजे. भिंत उन्हात बी हलत्या." उन्हाळा झाला. "आन एक पावसाळा." अमावास्येला येणार, गोटी सोडणार, भिंतीला तळवा लावून "अव्वा" म्हणणार, आईचे पोहे खाणार आणि जाणार. शेजारणीनं एकदा मला बाजूला घेऊन विचारलं, "तुमचा त्यो अमावाश्येचा बाबा आमच्याकडं येईल का? सासूला बरं न्हाय." मी संतापले. मी तिला अर्धा तास विज्ञान समजावलं. काकांना सांगितलं तर ते खूश झाले. शेजारणीकडे गेले, सासूची विचारपूस केली, दवाखान्यात न्यायला लावलं आणि न्हाणीच्या भिंतीवर एक काच लावून आले.

एकदा ते छत्री विसरून गेले. ती द्यायला मी राजारामपुरीतल्या त्यांच्या फ्लॅटवर गेले. काकू गेल्यापासून तिथं जाणं झालं नव्हतं. फ्लॅट नवा, स्वच्छ, गप्प. हॉलच्या कोऱ्या करकरीत भिंतीवर, जिथं तडा काय ओरखडासुद्धा नाही, तिथं मधोमध एक काच लावलेली होती.

"इथं कशाला, काका?"

"ती?" ते छत्री गुंडाळत राहिले. "राहायला आलो तवा हिनं लावायला लावली. म्हणाली, गावाला लावतासा, मग मला बी लावा. मग रोज सकाळी चहा ठेवला की आतनं विचारायची, 'काय, फुटली का काच?' चेष्टा करायची." छत्रीचं बटण लागेना. "फ्लॅट भक्कम हाय. एक तडा न्हाय. काय बघायचं इथं."

दुसरा पावसाळाही संपला. त्या अमावास्येला काका आले. गोटी सोडली. माजघरात जाऊन टॉर्च मारला. "अव्वा ठणठणीत," ते म्हणाले. "दोन पावसाळं झालं. आता काच काढायची. नियम हाय." आता कुठलं कारण उरलेलं नाही हे त्यांच्याइतकं मलाही दिसत होतं. 

त्यांनी पिशवीतून चाकू काढला आणि काचेच्या कडेला टेकवला.

काकांच्या हॉलमधल्या काचेबद्दल मी आईला काही बोलले नव्हते. ती आत पोहे परतत होती. तिथूनच तिनं आवाज दिला, "काय, फुटली का काच?"

काकांचा हात तसाच थांबला. ते भिंतीकडे तोंड करून उभे होते, त्यामुळे मला त्यांची फक्त पाठ दिसत होती. थोड्या वेळानं त्यांनी चाकू मिटला आणि खिशात गोटीशेजारी टाकला.

"न्हाय फुटली, अक्का," ते म्हणाले. "बघू पुढच्या अमावाश्येला."