विषय : मासे राहू देणेबाबत

सरकारकडे लोक रस्ता मागतात, समाजमंदिर मागतात, गटार मागतात. आमच्या गावात सरकारकडे दगड मागणारा एक माणूस आहे. गोटे म्हणा हवं तर. नारळाएवढे, लिंबाएवढे आणि सुपारीएवढे, अशा तीन मापांचे. आणि तेही घराच्या पायात भरायला नाही, नदीत टाकायला.

त्यांचं नाव रंगराव, पण सगळं गाव त्यांना पाटकरी आप्पा म्हणतं. पाटबंधारे खात्यात ते पाटकरी होते, म्हणजे कालव्याची दारं उघडायची, बंद करायची आणि कुणाच्या उसाला कधी पाणी मिळणार ते सांगायचं. त्यांचं घर माझ्या घराला लागून. मी इथल्या हायस्कुलात मराठी शिकवत असे. गावातल्या दोन पिढ्यांचे ऱ्हस्व-दीर्घ मी तपासलेत आणि त्याचा मला नको तितका अभिमान होता. होता म्हणते, त्याचं कारण पुढे येईलच.

आयुष्यभर लोकांचे अर्ज हाताळल्यामुळे आप्पांची जीभच अर्जाच्या नमुन्यात बसलेली. टपरीवर गेले की म्हणणार, "विषय, चहा. संदर्भ, कालचा पातळ चहा. तरी आज दूध घालून मिळावा, ही इनंती." घरात वहिनींकडे जेवणही असंच मागायचे. वहिनी आतून ओरडायच्या, "अर्ज नामंजूर! आदी दळण आना." वहिनी गेल्या त्याला आता काही वर्षं झाली. आप्पांचे सरकारी अर्ज वाढले ते त्यानंतर. हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं नव्हतं.

आमच्या गावाखाली कृष्णेचा एक डोह आहे. त्याचं वरचं टोक सातारा जिल्ह्यात आणि खालचं सांगलीत. त्या डोहात खडस राहतो. खडस म्हणजे सोनेरी खवल्यांचा, जाड ओठांचा मासा. चांगला हातभर वाढतो. पुस्तकात त्याला महाशीर म्हणतात. पावसाळ्यात तो धारेला लागून वर चढतो आणि खळखळत्या पाण्यात गोट्यांच्या सांदीत अंडी घालतो. आता गोटे वाळूबरोबर ट्रॉल्या भरभरून गेले. काठाची करंजं आणि उंबरं तोडून लोकांनी ऊस पार पाण्यापर्यंत नेला. आप्पांचं म्हणणं एवढंच, की गोटे परत टाका, काठाला करंज लावा आणि डोहात जाळं लावू नका. बाकी मासा त्याचं तो बघून घेईल.

"आपुन काय करायचं न्हाई बाई," ते मला म्हणायचे, "फकस्त त्येच्या घरातनं भाईर व्हायचं."

मी एकदा विचारलं, एवढा जीव कशापायी? तर म्हणाले, "तीस वर्सं दारं उगडून मी पानी नेलं. त्येंच्या तोंडचं." आणि लगेच विषय बदलून माझ्या कढीपत्त्याला खत कमी पडतंय म्हणाले.

या कामाच्या अनुदानासाठी ते साताऱ्याला गेले की साहेब सांगत, डोह सांगलीत आहे. सांगलीला गेले की सांगत, डोह साताऱ्यात आहे. शेवटी आप्पांनी लेखी विचारलं, की मासा वरच्या टोकाला असताना अर्ज साताऱ्याला करावा, की तो पोहत खाली येईपर्यंत थांबून सांगलीला करावा, याबाबत मार्गदर्शन व्हावं. या पत्राला कुणी उत्तर दिलं नाही. मला मात्र वर्गात पहिला आलेल्या मुलाचा पेपर वाचावा तसा आनंद झाला होता.

मग मत्स्य खात्याच्या एका योजनेचा छापील नमुना आला. त्यात 'लाभार्थ्याचे नाव' असा रकाना होता. आप्पांनी लिहिलं, मासे. 'लाभार्थ्याची जात' या रकान्यात लिहिलं, खडस. खिडकीतल्या कारकुनानं ते तीनदा वाचलं.

"ही जात कुठल्या प्रवर्गात येते हो?"

"भटक्या," आप्पा म्हणाले. "पावसाळ्यात वर जात्यात, उन्हाळ्यात खाली येत्यात."

"मग दाखला जोडा."

आप्पा खरोखरच कागद घेऊन घरी आले आणि दाखला कुणाकडून मिळेल ते मला विचारू लागले. मी हसून हसून बेजार झाले. ते हसले नाहीत. आठ दिवसांनी ते दाखल्याच्या जागी डोहाच्या कडेला उभे राहून काढलेला फोटो जोडून आले. फोटोत नुसतं पाणी होतं.

त्या अर्जाचं जे व्हायचं तेच झालं. त्यानंतरचेही तसेच परत आले, काही तर परतही आले नाहीत. मला कीव आली. खरं सांगायचं तर कीव कमी आणि खाज जास्त, कारण आप्पांचं मराठी मला बघवत नसे. ते विषयात लिहीत, 'आमच्या डोहातले मासे आमच्या डोहात राहू देणेबाबत.' मी म्हटलं, आप्पा, सरकारला हे असलं घरगुती बोलणं कसं कळणार? आणा इकडे. लाल पेनाने ती ओळ खोडली आणि माझ्या वळणदार अक्षरात संपूर्ण अर्ज नवा लिहून काढला. विषय : डोहामध्ये मत्स्यसंवर्धन करणेकामी अनुदान मिळणेबाबत.

आप्पांनी 'मत्स्यसंवर्धन' हा शब्द बोट ठेवून वाचला. "बाई, ह्येचा आर्थ त्योच न्हवं?"

"तोच. फक्त शुद्ध."

"मग झालं तर," म्हणाले आणि सही केली.

अर्ज महिन्याभरात मंजूर झाला. पत्र आलं त्या दिवशी आप्पांनी टपरीवर सगळ्यांना चहा पाजला आणि मागताना विषय-संदर्भ काही म्हणाले नाहीत. नुसतं म्हणाले, "दे रं सगळ्यास्नी." मी तर गल्लीतून जरा ताठच चालत होते.

मग एका सकाळी डोहावर टेम्पो आला. त्यात गोटे नव्हते, करंजाची रोपं नव्हती. हवा भरून फुगवलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या होत्या आणि त्यात बोटाएवढी मासळीची पिल्लं वळवळत होती. सायप्रिनस. बाहेरून आणलेला, तळ्यात वाढवून विकायचा मासा. तो तळातला गाळ उकरून खातो आणि त्या गाळात कुणाची अंडी असतील तर तीही खातो. आप्पा टेम्पोपुढे आडवे उभे राहिले.

"विषय, ह्ये मासं परत न्हेनेबाबत!" असं ते ओरडले तेव्हा जमलेली माणसं खो-खो हसली. सवयीनं हसली. आप्पा टेम्पोपुढून हलले नाहीत.

बरोबर आलेले साहेब भले गृहस्थ होते. त्यांनी फाइल काढून दाखवली. "काका, तुम्हीच मागितलंय. मत्स्यसंवर्धन. म्हणजे मासे वाढवून काढायचे, बीज सोडायचं. जतन करायची योजना वेगळी असते, आणि ती आमच्याकडे नाही." कागदावर माझं वळणदार अक्षर होतं. तीस वर्षं मुलांना 'एका शब्दाचे दोन अर्थ सांगा' असा प्रश्न घालणारी मी तिथेच उभी होते.

पिशव्या फोडल्या. गाव खूश झालं. फुकटचा मासा, दिवाळीपर्यंत खाण्याजोगा होणार.

पुढच्या आठवड्यात कराडच्या एका कॉलेजातले प्राणिशास्त्राचे प्राध्यापक आले. खडसाची सगळी माहिती आप्पांना त्यांनीच दिली होती. ग्रामपंचायतीसमोर, चारचौघांत, ते संतापून विचारू लागले. "हा शब्द कुठल्या शहाण्यानं घातला? एका शब्दानं डोह घालवलात तुम्ही! आता हे सायप्रिनस बाहेर काढता येतील का?"

मी तोंड उघडलं होतं. उघडलं होतं असं मी स्वतःला सांगते.

"मी घाटला," आप्पा म्हणाले. "सातवी नापास मानूस मी. मला वाटलं, भारी शब्द घाटला की साह्येब ऐकतील."

लोक पुन्हा हसले. कुणीतरी म्हणालं, "आवं आप्पा, आमच्या बाईंना तरी इचारायचं!" आणि आप्पांनी मान हलवली, चुकलं खरं अशी. मी घरी निघून आले. मुलांच्या चुका तपासण्यात जन्म गेला आणि स्वतःची एक चूक मला चार माणसांत वाचून दाखवता आली नाही. ही गोष्ट मी आज पहिल्यांदा लिहिते आहे.

कबूल करायला मला पुढचा उन्हाळा उजाडावा लागला. पाणी उतरलं होतं. डोह चहासारखा गढूळ. आप्पा काठावर बसून भाकरीचा चुरा पाण्यात टाकत होते.

"आप्पा, तो शब्द माझा होता."

"व्हय की. मला ठावं हाय."

"मग माझं नाव का नाही घेतलंत?"

त्यांनी भाकरीचा आणखी एक तुकडा कुस्करला. मग म्हणाले, "तुमची वैनी गेल्यापास्नं माझा एक कागुद कुनी सगळा वाचला न्हाई, बाई. समदी विषय वाचत्यात आन् ठिवून देत्यात. तुमी खालपतोर वाचत हुता. मला वाद नगो हुता तुमच्याशी."

मी पाण्याकडे बघितलं. मग विचारलं, "खडस दिसला का हो?"

"न्हाई. संक्रांतीपास्नं न्हाई."

पाण्यावर भराभर तोंडं उघडत होती. सगळी सायप्रिनसची. आप्पांनी आणखी मूठभर चुरा त्यांच्याकडे टाकला.

"आणि ह्यांना खायला घालताय?"

"मग काय करू? भुकेली हायत." त्यांनी हात झटकले. "त्येंनी कुटं अर्ज केलता हितं आना म्हनून?"