सध्या वापरात असलेले उपकरण

श्वास ही इतकी महत्त्वाची बाब आहे की ती ज्याच्या त्याच्या नाकावर सोपवून चालत नाही. नाक बेजबाबदार असतं. त्याला सेवानियम लागू नसतात. म्हणून दूरदृष्टीच्या सरकारांनी या विषयासाठी स्वतंत्र कक्ष काढले, कक्षांना नियमावल्या दिल्या आणि नियमावल्यांना परिशिष्टं दिली. असा एक ‘कर्मचारी श्वसन-साहाय्य कक्ष’ चेन्नईत अड्यारला तिसऱ्या मजल्यावर आहे. इमारतीला लिफ्ट नाही. (वर पोचलेला अर्जदार खरोखर गरजू आहे की उगाच आलाय, हे त्यामुळे दारातच कळतं.)

या कक्षाशी सरोजाबाईंचा संबंध आला तो त्यांच्या नवऱ्याच्या झोपेमुळे.

सरोजाबाई तांबरमच्या एका शाळेत सव्वीस वर्षं गणित शिकवत होत्या. नवरा सेतुमाधवराव इरुंगाट्टुकोट्टैला एका सरकारी महामंडळात हेड क्लार्क. दोघंही तंजावरकडच्या मराठी घराण्यांतले; म्हणजे भांडण मराठीत, भाजीबाजार तमिळमध्ये आणि अर्ज इंग्रजीत. त्यांचं मराठी तीनशे वर्षांपूर्वी घरून निघालं ते परत चौकशीला गेलं नाही. तिकडे काय काय बदललं हे त्याला ठाऊक नाही, आणि त्यावाचून त्याचं काही अडलेलंही नाही.

सेतुमाधवराव झोपायचे ते एखाद्या खात्यासारखे. आधी मोठा आवाज, मग अचानक काहीच नाही, आणि कोणीतरी ढोसल्याशिवाय पुढची हालचाल नाही. ढोसण्याचं काम सरोजाबाईंकडे होतं. घोरणं थांबलं की त्यांची झोप मोडायची, उजवं कोपर नवऱ्याच्या बरगडीत जायचं, सेतुमाधवराव घशातून एक हुंकार काढून पुन्हा श्वास घ्यायचे, आणि सकाळी उठून म्हणायचे, “काल काही झोप लागली नाही बघ.” सरोजाबाई कॉफी गाळत म्हणायच्या, “हो का?”

एकोणतीस वर्षं हे बिनबोभाट चाललं. मग एकाच महिन्यात दोन गोष्टी घडल्या. सेतुमाधवराव सिग्नलला स्कूटरवर बसल्या बसल्या झोपले. दिवा तीनदा हिरवा झाला, मागच्या लॉरीवाल्याने त्यांच्या तीन पिढ्यांचा उद्धार केला, आणि ते स्कूटरसकट आडवे झाले. गुडघा सोलवटला, जीव वाचला. आणि सरोजाबाईंनी आठवीच्या एका मुलीच्या पेपरात सतरा आणि चोवीसची बेरीज एकतीस केली. मुलगी नापास झाली. तिची आई पेपर घेऊन आली तेव्हा सरोजाबाईंनी ती बेरीज तीनदा पाहिली. सव्वीस वर्षांत असं झालं नव्हतं. त्यांनी सगळ्या स्टाफरूमसमोर त्या बाईची माफी मागितली आणि त्याच संध्याकाळी नवऱ्याला डॉक्टरकडे नेलं.

डॉक्टर धनलक्ष्मींनी झोपेची तपासणी करवली. तासाला बेचाळीस वेळा श्वास थांबतो, असा अहवाल आला. सरोजाबाईंनी मनातल्या मनात रात्रीच्या सहा तासांनी गुणलं आणि तीनशे पासष्टने गुणायच्या आधी थांबल्या.

“यांना सीपॅप लागेल,” डॉक्टर म्हणाल्या. सीपॅप म्हणजे उशाशी ठेवायची एक छोटी पेटी. ती नळीतून, मास्कमधून रात्रभर नाकात हवा सोडत राहते आणि घसा मिटू देत नाही. “आणि तुम्हाला झोप लागेल.”

पहिली वस्तू अठ्ठावन्न हजारांना मिळत होती. दुसरीचं दुकान डॉक्टरांना माहीत नव्हतं. मात्र पहिलीला सरकारी अनुदान होतं, तेव्हा अर्ज करायचं ठरलं.

अर्ज सेतुमाधवरावांनी स्वतः भरला. रकाना रिकामा सोडणं हे त्यांच्या लेखी पातक होतं. दुसऱ्यांचे अर्ज त्यांनी त्यापायीच जन्मभर परत पाठवले होते. रकाना चौदात विचारलं होतं : ‘सध्या कोणती उपाययोजना वापरात आहे?’ सेतुमाधवरावांनी विचार केला आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं : ‘पत्नी कोपर मारते. (दररोज.)’

“अय्यो, हे काय म्हणून लिहिलं?” सरोजाबाई म्हणाल्या.

“मग खोटं लिहू?”

सात आठवड्यांनी उत्तर आलं. कक्षाच्या कार्यक्षमतेचं कौतुक करावं तेवढं थोडं. तीनशे बारा अर्जांमधून नेमका रकाना चौदा त्यांनी वाचला होता. ‘अर्जाचे अवलोकन करता, अर्जदाराकडे सदर प्रयोजनासाठी एक उपकरण यापूर्वीच समाधानकारकरीत्या कार्यरत असल्याचे दिसून येते. नियम ११(ख) अन्वये एकाच प्रयोजनासाठी दोन उपकरणे अनुज्ञेय नाहीत. सबब, सध्या वापरात असलेल्या उपकरणाचे निर्लेखन प्रमाणपत्र सादर करावे.’

निर्लेखन म्हणजे मोडकं टेबल, गंजलेलं कपाट, न चालणारा पंखा आता कामाचा उरला नाही, असं सक्षम अधिकाऱ्याने लिहून देणं. सरोजाबाईंनी पत्र दोनदा वाचलं.

“मला मोडीत काढा म्हणतायत.”

“तुझं नाव नाही घेतलंय कुठे,” सेतुमाधवराव म्हणाले. ते पत्र उजेडात धरून पाहत होते. हेड क्लार्कचा जीव. चांगली भाषा दिसली की विरघळायचा. “ड्राफ्टिंग मात्र नामी आहे हो.”

सरोजाबाईंनी शाळेत अर्धी रजा टाकली आणि नवऱ्याला घेऊन अड्यारचे तीन मजले चढल्या. कक्ष अधिकारी रामस्वामी हे सज्जन गृहस्थ होते. एकतीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या हातून एकही चुकीची सही झाली नव्हती. (सही जपून वापरली की हे साधतं.) त्यांनी दोघांना बसवलं, पाणी मागवलं आणि निर्लेखनाचा फॉर्म काढला.

“संपादनाचं वर्ष?”

“कशाचं?” सरोजाबाईंनी विचारलं.

“उपकरणाचं, अम्मा.”

“शहाण्णव. कुंभकोणमला, कल्याण मंडपात.”

“खरेदी की देणगी?”

“देणगीच म्हणायची, सार,” सेतुमाधवराव म्हणाले. “सोबत भांडीही दिली होती.”

“अनुषंगिक साहित्य,” रामस्वामींनी लिहून घेतलं. “देखभालीचा वार्षिक खर्च?”

सेतुमाधवरावांनी तोंड उघडलं; बायकोकडे पाहून मिटलं. “निरंक घाला.”

“दुरुस्तीसाठी बंद राहिल्याचा कालावधी?”

“एक बाळंतपण,” सरोजाबाई म्हणाल्या. “आणि माझी आई गेली तेव्हा तेरा दिवस.”

“त्या काळात पर्यायी व्यवस्था?”

“सासूबाई.”

रामस्वामींनी पेन खाली ठेवलं. त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरचा आदर होता. “अम्मा, एकोणतीस वर्षांत शंभर दिवससुद्धा बंद नाही! आमचं झेरॉक्स मशीन महिन्यातून पंधरा दिवस बंद असतं, तरी त्याचं निर्लेखन होत नाही. तुमचं कसं करू? मी काय लिहू? कारण काय दाखवू?”

“मी थकले आहे, सार.”

रामस्वामींनी फॉर्म उलटून पाहिला. “त्याला रकाना नाही, अम्मा.” हे ते दुष्टपणाने म्हणाले नाहीत. रकाना नव्हताच.

दुपारचे सव्वादोन झाले होते. पंखा मंद फिरत होता. जेवण अंगावर आलेलं, आणि आपल्याविषयीची चर्चा सरकारी भाषेत चाललेली. सेतुमाधवरावांसाठी याहून उत्तम अंगाई कोणी गायली नसती. त्यांची मान खुर्चीच्या पाठीवर कलंडली. आधी बारीक, मग दणदणीत घोरणं सुरू झालं. पलीकडच्या टेबलांवरची माणसं माना वळवून हसली. आणि मग घोरणं थांबलं.

सरोजाबाईंचं कोपर आपोआप उचललं गेलं. त्यांनी ते दुसऱ्या हाताने धरलं आणि मांडीवर दाबून ठेवलं.

रामस्वामी वाट पाहत होते. “थांबलं वाटतं,” ते म्हणाले.

“हो.”

“आता तुम्ही मारता ना?”

“उपकरण बंद आहे, सार.”

त्या मोजत होत्या. बारा, तेरा. सेतुमाधवरावांची छाती हलायचा प्रयत्न करत होती. पण हवा आत जात नव्हती. वीस. हसणारी माणसं हसायची थांबली. कुणीतरी उठून उभं राहिलं. सव्वीस. ओठांचा रंग बदलू लागला होता. हा रंग सरोजाबाईंनी कधी पाहिलाच नव्हता; त्या नेहमी अंधारात आणि नेहमी वेळेवर असायच्या. त्यांना वाटलं, आपण हे काय करतोय? तेहेतीस.

“अम्मा, मारा की! काय बघताय!”

छत्तीस. सदतीस.

रामस्वामी टेबलाला वळसा घालून धावले. वाटेत खुर्ची पडली, पाण्याचा पेला फायलीवर सांडला, आणि एकतीस वर्षांत प्रथमच कुठल्याही मंजुरीविना त्यांनी तातडीची कारवाई केली. म्हणजे अर्जदाराच्या बरगडीत कोपर मारलं.

सेतुमाधवराव केवढ्यांदा तरी श्वास ओढत जागे झाले. “फाईल पुढे पाठवलीय, सार,” ते म्हणाले.

सरोजाबाईंनी धरून ठेवलेलं कोपर सोडलं. रामस्वामी खुर्चीत येऊन बसले, उरलेलं पाणी प्यायले. मग त्यांनी ओल्या फायलीवर लिहिलं : ‘विद्यमान उपकरण आज दुपारी २.२० वाजता, अधोस्वाक्षरीकर्त्याच्या समक्ष, निकडीच्या प्रसंगी चालले नाही. निर्लेखनास हरकत नसावी.’ आणि सही केली.

जिना उतरताना दुसऱ्या मजल्यावर सेतुमाधवराव थांबले. “खरंच मारणार नव्हतीस?”

“चाळीसला मारणार होते.”

“आणि त्यांनी कितीला मारलं?”

“अडतीसला.”

सेतुमाधवरावांनी थोडा वेळ कठड्याला धरून विचार केला. मग त्यांनी बायकोच्या हातातली पिशवी स्वतःकडे घेतली. लग्नानंतर त्यांनी पिशवी घेतल्याची ही पहिलीच नोंद.

सीपॅप मंजूर झाला, आला, आणि सेतुमाधवराव मास्क चढवून तान्ह्या बाळासारखे झोपू लागले. परंतु सरकार अनुदान देऊन हात झटकत नसतं. मंजुरीपत्राच्या परिशिष्टात दोन अटी होत्या. पहिली : यंत्र रोज रात्री किमान चार तास वापरलं जातं, याची तासागणिक नोंद एका जबाबदार, जाग्या व्यक्तीने नोंदवहीत करावी. दुसरी : निर्लेखित उपकरण वाया न घालवता त्याचा अन्य शासकीय कामी उपयोग करावा. दोन्ही अटींची सांगड घालून सरोजाबाईंची मानद रात्र-पर्यवेक्षक म्हणून नेमणूक झाली. आधी त्यांना नवरा श्वास घेत नसला की उठावं लागायचं. आता तो श्वास घेतोय हे लिहिण्यासाठी उठायचं होतं.

त्या पाच रात्री उठल्या. सहाव्या दिवशी, रविवारी, डांगर पच्चडी आणि भात जेवून झाल्यावर त्या नोंदवही घेऊन टेबलाशी बसल्या. ज्या बाईने आयुष्यात एका गुणाची फिरवाफिरव केली नव्हती, तिने एका दुपारात पुढच्या वर्षभराच्या नोंदी भरल्या. अकरा, बारा, एक, दोन, तीन. कुठे निळी शाई, कुठे काळी. दिवाळीच्या दिवशी अक्षर जरा घाईचं. सेतुमाधवराव शेजारी उभे राहून पाहत होते.

“हे खोटं आहे, सरोजा.”

“रकाना रिकामा सोडू?”

त्या रात्री सरोजाबाई नऊ तास झोपल्या. सकाळी कॉफी सेतुमाधवरावांनी केली. ती वाईट होती; सरोजाबाई दोन पेले प्यायल्या. महिन्याभरात त्यांच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं गेली, फळ्यावरची गणितं पुन्हा सुतासारखी सरळ उतरू लागली, आणि त्या वर्षी त्यांच्या वर्गाचा निकाल शंभर टक्के लागला. त्यांचं सगळं बरं झालं.

कक्षाचंही झालं. वर्षअखेर नोंदवही अड्यारला गेली. इतकी निर्दोष नोंदवही कक्षाने पाहिली नव्हती. रामस्वामींच्या वरिष्ठांनी तिचा अभ्यास केला, शाळेचा निकाल मागवला, दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले, आणि त्यातून जे सरळ निघतं ते काढलं : एक पत्नी सलग तीनशे पासष्ट रात्री जागी राहिली असता तिच्या कार्यक्षमतेत घट न होता उलट वाढ झाली. अर्थात, पत्नीला झोप लागते ही समजूत निराधार आहे. आणि जी मुळात जागीच आहे, तिच्या शेजारी अठ्ठावन्न हजारांचं यंत्र ठेवणं हा सार्वजनिक पैशाचा अपव्यय आहे.

नवं परिपत्रक निघालं. विवाहित अर्जदारांचं अनुदान बंद झालं. सातशे त्र्याऐंशी प्रलंबित अर्ज एका दिवसात निकाली निघाले. सरोजाबाईंना त्याची प्रत आणि एक प्रशस्तिपत्र आलं. प्रशस्तिपत्र त्यांनी भिंतीवर लावलं नाही. परिपत्रक मात्र त्यांनी पूर्ण वाचलं, आणि त्या सातशे त्र्याऐंशी घरांचा विचार करत त्या दिवशी त्यांना फार उशिरा झोप लागली.

परिपत्रकाची दुसरी बाजूही वाचण्यासारखी आहे. सरकारने म्हटलंय की असं उपकरण बहुतेक प्रत्येक घरात आधीपासूनच बसवलेलं असतं, देखभाल खर्च निरंक असतो, आणि वापरणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. हे वाचून तुम्हाला हसू आलं असेल, तर ते तुमच्या घराला लागू आहे की नाही, एवढं आज विचारून घ्या. विचारण्यासाठी शेजारच्या माणसाला उठवावं लागेल, असा संकोच बाळगू नका. ते जागंच असेल.