माईंची सवत

भर पावसात छत्री बगलेत मारून स्वतः भिजत चाललेला माणूस राजूरच्या रस्त्यावर दिसला, तर ते माझ्याबरोबर शाळेत शिकवणारे नानाच असायचे. छत्री फुलासाठी असे. रतनवाडीच्या वरच्या पठारावर पोचले की ते ती उघडत आणि एका फुलावर धरून उकिडवे बसत.

फूल म्हणजे शेवंतीच्या कुळातलं, रुपयाएवढं, जांभळं. भादव्यात सोनकीने डोंगर पिवळा होतो, तेव्हा त्याच्याकडे कुणाचं लक्षही जाऊ नये. पण नानांच्या मते ते सबंध सह्याद्रीत दोन-चार ठिकाणीच उरलं होतं. मी एकदा कौतुकाने वाकलो, तर म्हणाले, "हात लावायचं काम नाही." हे वाक्य त्यांच्या तोंडी बसलेलं. गौरीसाठी फुलं खुडायला निघालेल्या बायकांना आणि एकदा तर शाळा तपासायला आलेल्या साहेबांनाही त्यांनी ते ऐकवलं होतं.

त्यांच्या पत्नी माई गुडघ्यांनी अधू. लग्न झाल्यापासून त्या या फुलाचं वर्णन ऐकत होत्या, पण फूल पाहिलेलं नव्हतं. नाना एकही खुडून आणत नसत. "माझी सवत आहे ती," चहा देताना त्या आम्हाला सांगत. "निदान तोंड तरी दाखवा म्हणावं तिचं."

बाहत्तरच्या दुष्काळात फूल आलंच नाही. उपाशी गुरांनी पठार खरवडून काढलं होतं. नानांचं जेवणावरून मन उडालं. पुढच्या वर्षी पाऊस लागताच त्यांनी त्या जागेला काटेरी कुंपण घातलं आणि भादव्यात जाहीर केलं की माईंना वर न्यायचं. फुललंय का ते आधी बघून या, असं मी सुचवलं. ते म्हणाले, "आता तिच्याबरोबरच बघणार."

खुर्चीला बांबू बांधून डोली केली. पुढे रतनवाडीचे दोघे, मागे शाळेचा शिपाई आणि मी. वर पोचलो तर कुंपणात कमरेएवढं गवत. नाना काटे उपसून आत शिरले, गवत चाळत राहिले. फूल नव्हतं. बाहेर आले तेव्हा त्यांच्याकडे बघवेना.

माई मात्र डोलीतून भलतीकडेच बघत होत्या. कुंपणाबाहेर, गुरांनी चरलेल्या जागी. "ते जांभळं काय आहे हो?"

तेच होतं. गुरं चरायची म्हणून गवत बुटकं राहायचं आणि फुलाला ऊन मिळायचं. नानांनी गुरं अडवली आणि गवताला रान मोकळं करून दिलं.

नाना मटकन खाली बसले. हसले. मग माईंची खुर्ची फुलाजवळ ठेवायला लावली आणि स्वतःच फुलाकडे हात नेला. माईंच्या अंबाड्यासाठी, हे आम्हाला सगळ्यांना कळलं.

माईंनी त्यांचं मनगट धरलं. "हात लावायचं काम नाही," त्या म्हणाल्या. आणि मग हळूच, "पुढच्या वर्षी परत आणा मला."

नानांनी छत्री उघडली. पाऊस नव्हता, ऊन होतं. ती त्यांनी माईंवर धरली.